जोखमीचा चालक आणि त्याच्या वाहनाचा विमा

ज्याच्या हातून अपघात होण्याची, आणि पर्यायाने विमा कंपनीला भरपाई मोजावी लागण्याची शक्यता इतरांहून अधिक असते, त्याला विमा व्यवसायात जोखमीचा चालक मानले जाते. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल शिक्षा झालेला, वेगमर्यादा वारंवार मोडणारा, एकाच वर्षात दोन-तीनदा गाडी ठोकून दावे करणारा, नुकतेच लायसन हाती आलेला किंवा मधली काही वर्षे विम्याविनाच गाडी चालवलेला असे सगळे या एकाच सदरात मोडतात. वास्तविक त्यांच्या दोषाचे प्रमाण सारखे नसते आणि नवशिक्याच्या बाबतीत तर दोष असा काही नसतोच. अमेरिकेत अशा चालकाला विमा मिळवताना नाकी नऊ येतात. भारतात मात्र त्याला सक्तीच्या विम्याची पॉलिसी सहज मिळते, वर्षानुवर्षे निर्धोक गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याला पडते त्याच दराने मिळते, आणि म्हणूनच आपण जोखमीचे चालक आहोत याची जाणीव त्याला होत नाही. भारतीय व्यवस्थेत या जोखमीची किंमत हप्ता भरताना वसूल होत नाही. ती अपघातानंतर, न्यायाधिकरणाचा निकाल लागल्यावर वसूल होते, आणि बहुधा चालकाकडून न होता वाहनमालकाकडून होते. हे कसे घडते, हे प्रत्येक वाहनधारक कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

वाहनविम्याचे मुख्य भाग दोन. पहिला त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला थर्ड पार्टी. विम्याच्या करारात वाहनमालक हा पहिला पक्ष आणि विमा कंपनी हा दुसरा. रस्त्यावरचा पादचारी, सायकलस्वार, समोरच्या वाहनातील माणसे हे तिसरे. त्यांच्या मृत्यूची, दुखापतीची आणि मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई या भागातून दिली जाते. दुसरा भाग मालकाच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा; अपघात, चोरी, आग, पूर यांत वाहनाचे जे नुकसान होते ते या भागात येते, आणि तो घ्यावा की न घ्यावा हे मालकाच्या इच्छेवर असते. पहिला भाग मात्र सक्तीचा आहे. सक्तीची ही तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात प्रथम आली आणि १९८८ च्या सध्याच्या कायद्यात ती कलम १४६ मध्ये आहे. विमा नसलेले वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा तसेच केल्यास ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम १९६ मध्ये सांगितली आहे.

या सक्तीच्या भागाचा हप्ता कंपनी ठरवत नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाशी विचारविनिमय करून केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक मंत्रालय तो अधिसूचनेने जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, त्यावरील १,५०० पर्यंतच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीला ७,८९७ रुपये असा आकार ठरला. ७५ ते १५० घनसेंटीमीटरच्या दुचाकीला ७१४ रुपये आणि ३५० च्या वरच्या दुचाकीला २,८०४ रुपये. या तक्त्यात इंजिनाचे आकारमान आहे, वाहनाचा प्रकार आहे, चालक मात्र कुठेच नाही. त्याचे वय, अनुभव, त्याच्यावर झालेली चलने, त्याने पूर्वी केलेले अपघात यांपैकी कशाचीही दखल हा तक्ता घेत नाही, आणि त्यामुळे तीनदा लायसन निलंबित झालेल्या माणसाला आणि पंचवीस वर्षे एकही ओरखडा न पाडणाऱ्या माणसाला सक्तीचा विमा एकाच भावाने पडतो.

या समानतेमागे एक न्याय्य विचार आहे. त्रयस्थ पक्षाचा विमा मुळात चालकाच्या सोयीसाठी केलेला नाही. ज्याला गाडीने उडवले त्याच्या कुटुंबाला पैसे मिळावेत यासाठी तो आहे, आणि बळीला पैसे मिळायचे असतील तर सर्वांत बेदरकार चालकाच्या वाहनालाही विमा असलाच पाहिजे. महागड्या हप्त्यामुळे असा चालक विम्याबाहेर राहिला तर त्याचे फळ रस्त्यावरच्या निरपराध माणसाला भोगावे लागेल. म्हणून सक्तीचा विमा नाकारण्याची मुभा कंपन्यांना नाही. तरीही कंपन्यांनी काही जोखमी टाळण्याचा प्रयत्न केलाच. भारतात त्यांनी टाळले ते विशिष्ट माणसांना नव्हे, विशिष्ट वाहनांना. मालट्रक आणि इतर व्यापारी वाहने यांच्यावरील दाव्यांचा खर्च हप्त्यांपेक्षा फार होत असे. त्यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००७ पासून व्यापारी वाहनांच्या त्रयस्थ विम्यासाठी सर्व कंपन्यांचा एक सामायिक संघ स्थापन झाला आणि नफा-तोटा कंपन्यांमध्ये वाटला जाऊ लागला. पॉलिसी देणाऱ्या कंपनीवर दाव्याचा पूर्ण भार पडत नसल्याने दाव्यांची छाननी करण्याची निकड उरली नाही, तोटा वाढत गेला, आणि २०१२ मध्ये हा संघ गुंडाळून, फक्त नाकारलेल्या जोखमींपुरता एक मर्यादित संघ त्याच्या जागी आणला गेला. जोखीम म्हटले की भारतीय विमाव्यवसायाच्या डोळ्यांसमोर ट्रक येत राहिला, त्याच्या सुकाणूवरचा माणूस आला नाही. या विषयातील पुढच्या पुष्कळ अडचणींचे मूळ या दृष्टीत आहे.

स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर मात्र जानेवारी २००७ पासून टप्प्याटप्प्याने खुले झाले आणि आज कंपनी ते स्वतः ठरवते. वाहनाचे मॉडेल, त्याचे वय, ते कोणत्या शहरात नोंदलेले आहे (जुन्या दरपत्रकात मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे महागड्या ‘अ’ विभागात होती) आणि त्याचे घोषित विमामूल्य, म्हणजे गाडी चोरीस गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास जी कमाल रक्कम मिळेल ती, यांवर हा हप्ता ठरतो. येथे चालकाची पुसटशी सावली पडते ती नो क्लेम बोनसच्या रूपाने. दाव्याविना एक वर्ष गेले की नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि पुढे ती २५, ३५, ४५ अशी वाढत पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांवर स्थिरावते. एक दावा केला की ती शून्यावर येते.

या शिडीवरून खाली येण्याची किंमत किती असते, हे एका हिशेबातून स्पष्ट होते. समजा, एखाद्या मोटारीचा नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के बोनस असल्याने तो ६,००० रुपयेच भरतो. बंपर फुटला आणि त्याने ७,००० रुपयांचा दावा केला, तर पुढच्या वर्षी त्याला पूर्ण १२,००० रुपये भरावे लागतील, त्यानंतर अनुक्रमे ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० रुपये, आणि सहाव्या वर्षी तो पुन्हा ६,००० वर येईल. मूळ हप्ता तितकाच राहतो असे धरले तर या पाच वर्षांत त्याने एकूण १५,००० रुपये जादा भरलेले असतील, म्हणजे मिळालेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते, ती वेगळीच. यासाठीच किरकोळ डेंटिंग-पेंटिंगचा खर्च खिशातून करणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. ज्याचे दावे वारंवार होतात त्याचा बोनस तर जातोच, शिवाय नूतनीकरणाच्या वेळी कंपनी दर वाढवू शकते, किंवा हा ऐच्छिक भाग देण्यास सरळ नकार देऊ शकते; अशा मालकाकडे सक्तीचा त्रयस्थ विमा तेवढा उरतो.

बोनस गाडीला चिकटलेला नसून मालकाला मिळालेला असतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेतले तर तीन वर्षांपर्यंत तो नव्या गाडीला लावून घेता येतो; उलट जुनी गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. कंपनी बदलताना मागील दावा लपवून बोनस सांगण्याचा मोह काहींना होतो आणि काही एजंटही त्याला खतपाणी घालतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करते, आणि दाव्यांची माहिती आता विमा माहिती ब्युरोच्या नोंदींमध्येही असते. हे खोटे बहुधा दावा दाखल झाल्यावरच उघड होते आणि तेव्हा काही हजारांच्या सवलतीपायी लाखांचा दावा अडकतो.

तरीही नो क्लेम बोनस हे चालकाच्या वागणुकीचे माप मानणे चुकीचे आहे. सिग्नल तोडण्याची आणि मद्यपान करून गाडी चालवण्याची चलने ज्याच्या नावावर साचली आहेत, पण ज्याने दावा केलेला नाही, त्याचा बोनस अबाधित राहतो. आणि ज्याच्या सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीवर पावसाळ्यात गुलमोहराची फांदी कोसळली, त्याचा मात्र जातो. हे माप दाव्यांचे आहे, सावधपणाचे नाही.

विमा खंडित होणे हा जोखमीच्या सदरात जाण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत सामान्य मार्ग आहे. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठलेला बोनस संपतो. नुकसानीच्या भागाचा विमा पुन्हा घ्यायचा असेल तर मुदत संपल्यानंतर गाडीची तपासणी होते. कंपनीचा माणूस येऊन चासी क्रमांक, पळालेले किलोमीटर, चारही बाजू आणि काचा यांची छायाचित्रे घेतो, किंवा मालकालाच मोबाईलवर तसे चित्रीकरण करून पाठवावे लागते, आणि त्यात दिसणारे जुने पोचे व तडे नव्या पॉलिसीतून वगळले जातात. मधल्या काळात झालेल्या अपघाताची जबाबदारी अर्थातच कोणतीही कंपनी घेत नाही. दुचाकींच्या बाबतीत विमा खंडित होण्याचे प्रमाण फार मोठे होते. शोरूममधून मिळालेला पहिल्या वर्षाचा विमा संपला की पुष्कळ मालक तो पुन्हा काढतच नसत. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा खरेदीच्या वेळीच घेणे सक्तीचे झाले. त्यामुळे पहिली काही वर्षे सुरक्षित झाली, तरी सहाव्या वर्षातील दुचाकीचा प्रश्न तसाच राहिला, आणि नेमकी याच वयाची दुचाकी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हाती दिली जाते.

आता मुख्य भागाकडे वळता येईल. अपघातात मृत्यू किंवा दुखापत झाल्यास भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. हे न्यायाधिकरण भरपाई ठरवते ती मृताच्या उत्पन्नावरून, आणि तिला कमाल मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत जी रीत घालून दिली, तिच्याप्रमाणे एक उदाहरण पाहावे. ७१४ रुपयांचा सक्तीचा विमा असलेल्या एखाद्या मोटारसायकलीने धडक दिल्यामुळे महिना २०,००० रुपये मिळवणारा, स्वतःचा व्यवसाय करणारा तीस वर्षांचा माणूस दगावला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित राहिले. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये; भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले की ३,३६,००० होतात; मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की २,५२,००० उरतात; आणि तीस वर्षांच्या वयाला लागू असलेल्या १७ या गुणकाने गुणले की रक्कम ४२,८४,००० रुपये होते. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींची ठरावीक रक्कम आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज त्याहून निराळे.

ही रक्कम विमा कंपनीने भरायची, हा सर्वसाधारण नियम. कायद्याच्या कलम १५० मध्ये मात्र कंपनीला काही बचाव दिलेले आहेत. चालकाकडे वैध लायसन नव्हते, त्या प्रकारचे वाहन चालवण्याचा परवाना त्याला नव्हता, त्याला वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेले होते, खासगी वाहन भाड्याने चालवले जात होते, असे बचाव पूर्वीपासूनच होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांत मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवण्याचीही भर घातली. कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की हा गुन्हा होतो. थोडक्यात, अमेरिकेतील कंपनी पॉलिसी देण्यापूर्वी चालकाबद्दल जे प्रश्न विचारते, तेच प्रश्न भारतात अपघातानंतर विचारले जातात.

त्या वेळी बळीच्या कुटुंबाचे काय होते? जानेवारी २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याचे विस्तृत उत्तर दिले. अटीचा भंग झाला एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. तो भंग मालकाने जाणूनबुजून केला किंवा वाजवी काळजी न घेतल्याने झाला, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला असा आदेश देऊ शकते, की तिने बळीच्या वारसांना आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. ‘आधी भरा, मग वसूल करा’ या नावाने वकीलवर्गात परिचित असलेले हे तत्त्व बळीच्या दृष्टीने अतिशय मानवी आहे, आणि ते टिकले पाहिजे. मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होतो. कंपनी रक्कम न्यायाधिकरणात भरते, आणि काही महिन्यांनी मालकाला वसुलीची नोटीस येते. त्यासाठी कंपनीला निराळा दावा लावावा लागत नाही. त्याच निर्णयाच्या अंमलबजावणीचा अर्ज करून ती मालकाविरुद्ध जाऊ शकते आणि वाहन जप्त करवून घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच नंजप्पन प्रकरणात स्पष्ट केले. वरच्या उदाहरणातल्या मोटारसायकलीच्या मालकाचे वाहन जप्त करून ४२ लाख वसूल होत नाहीत. मग बँकेतील ठेवी, घर, जमीन यांच्याकडे मोर्चा वळतो. मोटारसायकल चालवणारा पुतण्या होता, मित्र होता की कामावरचा पोऱ्या होता, याने मालकाच्या जबाबदारीत फरक पडत नाही.

अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्याला तर २०१९ नंतर कलम १९९अ लागू होते: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावी शाळा-शिकवणीला स्कूटरवरून जाणारी मुले दिसतात तेव्हा हे कलम आणि त्यामागचा वसुलीचा आदेश, हे दोन्ही पालकांच्या गावीही नसते, ही खेदाची बाब आहे.

स्वतःच्या नुकसानीच्या भागात तर ‘आधी भरा’ हेही नाही. तेथे बळीचा प्रश्न नसल्याने कंपनी सरळ दावा फेटाळते. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे मोटार अपघातात जळाली. चालकाची रक्तचाचणी झालेली नव्हती, म्हणून मद्यपान सिद्ध झाले नाही असे मालक कंपनीचे म्हणणे होते. परंतु २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय नोंदीतील मद्याचा वास आणि अपघाताची एकूण परिस्थिती लक्षात घेऊन विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला. मालक-चालकासाठी असलेल्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणालाही अशाच अटी आहेत: लायसन वैध हवे आणि चालक मद्याच्या अमलाखाली नसावा. स्वतःच्याच बेदरकारपणामुळे मृत्यू पावलेल्या चालकाच्या वारसांना त्रयस्थ विम्यातून काही मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या १५ लाखांचे मोल कळते.

एका बाबतीत अलीकडे दिलासा मिळाला आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेल्याने टेम्पो किंवा टॅक्सी चालवली तर कंपन्या अटीचा भंग झाल्याचे सांगत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या व्यापारी वाहनासाठी हे लायसन पुरेसे आहे, असे ठरवून तो वाद मिटवला.

अमेरिकेतील चित्र याच्या उलट आहे, आणि न्यू जर्सीतील एडिसनसारख्या गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याचा अनुभव पहिल्याच वर्षी येतो. पुण्यात पंधरा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाचा तो अनुभव तिथल्या बऱ्याच कंपन्या हिशेबात धरत नाहीत, आणि चाळिशीतल्या अभियंत्याला नवशिक्याचा हप्ता भरावा लागतो. ज्याला मद्यपानाबद्दल शिक्षा झाली, त्याची वाट अधिक बिकट. न्यू जर्सी राज्य त्याच्याकडून तीन वर्षे दरसाल १,००० डॉलर अधिभार घेते, आणि तो विम्याच्या हप्त्याहून वेगळा असतो. इतर बहुतेक राज्यांत अशा चालकाला ‘एसआर-२२’ नावाचे प्रमाणपत्र लागते. तो विमा नव्हे, तर या माणसाचा विमा चालू आहे अशी कंपनीने राज्याच्या वाहन विभागाला दिलेली हमी असते, साधारणपणे तीन वर्षे ती चालू ठेवावी लागते, आणि एक हप्ता चुकला तरी कंपनी विभागाला कळवते व लायसन निलंबित होते. कोणीच विमा देण्यास तयार नसेल तर राज्याच्या योजनेतून तो एखाद्या कंपनीच्या वाट्याला दिला जातो. बाजारातील हिश्श्याच्या प्रमाणात प्रत्येक कंपनीने असे चालक स्वीकारायचे असतात. ही पद्धत १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात प्रथम सुरू झाली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमताने दर ठरवण्याचा क्रमच कायद्यात घातला गेला: आधी चालकाची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षाला किती मैल गाडी चालते ते, मग अनुभवाची वर्षे. वाईट चालकाला तेथे आपल्या वागण्याचा भाव दर महिन्याला दिसतो, आणि काही वर्षे नीट वागले की तो उतरतानाही दिसतो. मात्र हप्ता परवडत नाही म्हणून विम्याविनाच गाडी चालवणारेही तेथे आहेत, हे विसरता येत नाही.

भारतातही या दिशेने एक पाऊल सुचवले गेले. नियामक प्राधिकरणाने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये मांडलेल्या अहवालात विम्याच्या हप्त्यात ‘वाहतूक नियमभंग हप्ता’ असा एक नवा भाग सुचवला, आणि प्रत्येक गुन्ह्याला गुण ठरवून दिले. चुकीच्या पार्किंगला १० आणि मद्यपान करून वाहन चालवण्याला १००. त्यामागील विचार योग्यच होता. अडचण अशी, की हा हप्ता वाहनमालकाने भरायचा होता, आणि कॅमेऱ्यातून निघणारे ई-चलान गाडीचा क्रमांक ओळखते, चालकाचा चेहरा ओळखत नाही. चुकीचे चलान दुरुस्त करून घेण्याची सुलभ व्यवस्था नसेल, तर दुसऱ्याच्या चुकीचा भार सामान्य माणसाच्या हप्त्यावर पडेल. जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने गाडी किती आणि कशी चालवली जाते यानुसार हप्ता ठरवणारी ऐच्छिक कलमे देण्याची मुभा कंपन्यांना दिली. वेग, अचानक मारलेला ब्रेक, रात्रीचा प्रवास अशी माहिती मोबाईल किंवा गाडीतील उपकरण नोंदवते. ही सोय केवळ नुकसानीच्या भागापुरती आहे आणि ती स्वीकारतो तो बहुधा आधीच सावध असलेला चालक, त्यामुळे बेदरकार चालकापर्यंत ती पोहोचत नाही. सक्तीच्या विम्याच्या दरात, मूळ हप्ता सर्वांना परवडेल असाच ठेवून, सिद्ध झालेल्या गंभीर गुन्ह्यांपुरता, म्हणजे मद्यपान, शर्यत आणि बेदरकार वाहन चालवणे यांपुरता अधिभार आणणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

तोवर ज्याची नोंद बिघडली आहे त्याने मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे, एका कंपनीने नुकसानीचा भाग नाकारला तर दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांकडे खरी माहिती देऊन विचारणा करावी, आणि लहान दावे टाळून बोनसची शिडी पुन्हा चढावी. दावा अन्यायाने फेटाळला गेला असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ते ऐकतात, शुल्क घेत नाहीत, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार पोहोचली पाहिजे.

आणि प्रत्येक वाहनमालकाने, मग तो दहा ट्रकांचा धनी असो की एका स्कूटरचा, किल्ली देण्यापूर्वी घेणाऱ्याचे लायसन मागून पाहावे. त्यावरचा वाहनाचा प्रकार आणि मुदतीची तारीख वाचावी, परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर क्रमांक तपासावा, आणि नोकरीवर ठेवलेल्या चालकाच्या लायसनची प्रत नूतनीकरणाच्या तारखेसह जपून ठेवावी. मालकाने वाजवी काळजी घेतली होती की नाही, हाच प्रश्न न्यायाधिकरणात विचारला जातो, आणि त्याचे उत्तर द्यायला ही प्रत उपयोगी पडते.